‘बंद’ म्हणजे काय? खुल्या डेटातून कार्यालय आणि नागरिक जोडायचं काम कसं करावं

नगरपालिकेच्या तक्रार कक्षात मी सात वर्षं फोन घेतले. समोर संगणकावर अकरा रकान्यांचा तक्ता, आणि त्यातला शेवटचा रकाना ‘स्थिती’. त्यात दोनच शब्द निवडता यायचे: ‘चालू’ आणि ‘बंद’.

एक निवृत्त शिक्षक दर सोमवारी फोन करायचे. त्यांच्या वळणावरच्या ११७ क्रमांकाच्या खांबावरचा दिवा पेटत नव्हता. अंधार पडल्यावर त्यांच्या पत्नीला तिथून भिंतीला हात लावत चालावं लागायचं. मी तक्ता उघडायचे, ११७समोर ‘बंद’ दिसायचं, आणि मी सांगायचे, “सर, तुमची तक्रार बंद झालेली दिसतेय, म्हणजे काम झालंय.” पाचव्या की सहाव्या सोमवारी ते अगदी शांतपणे म्हणाले, “बाई, बंद दिवा आहे. तक्रार नाही.”

मी हेडफोन काढून ठेवला आणि खालच्या मजल्यावर विद्युत विभागात गेले. तिथला वायरमन त्याच तक्त्यात, त्याच रकान्यात, दिवा पेटत नसेल तर ‘बंद’ लिहीत होता. आम्ही वर तक्रार मिटली की ‘बंद’ लिहीत होतो. दोघंही प्रामाणिकपणे. महिनाअखेरीला तो तक्ता साहेबांकडे जायचा आणि जितके ‘बंद’ जास्त तितकं काम चोख, असा अहवाल निघायचा.

पुढे मी नोकरी सोडली आणि स्वयंसेवक गटांना, कधी कार्यालयांनाही, खुल्या डेटाचं, म्हणजे कार्यालयांनी कुणालाही वापरता याव्यात म्हणून खुल्या केलेल्या नोंदींचं, काम शिकवू लागले. एवढ्या वर्षांत माझं एकच मत पक्कं झालंय: ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे उत्तर परत गेलं तरच कार्यालय आणि नागरिक जोडले गेले. पोर्टल, ॲप, नकाशा, डॅशबोर्ड हे सगळं त्या परतीच्या वाटेसाठी करायचं असतं. ती वाट कशी बांधायची ते इथे लिहितेय. तुम्ही कार्यालयाच्या आत असा की बाहेर, बहुतेक गोष्टी दोघांनाही लागू पडतील.

प्रश्न आधी, फाईल नंतर

नवा गट जमला की पहिली हाक ठरलेली असते: “कुठला डेटा उपलब्ध आहे ते बघूया.” तसं करू नका. फाइली शोधत बसलात तर फाइलीच सापडतील. अमेरिकेचं सरकारी डेटा पोर्टल मे २००९मध्ये अवघ्या ४७ डेटासंचांवर सुरू झालं आणि पुढे त्यात लाखोंची भर पडली. पण संचांची संख्या वाढली म्हणून कुणाच्या वळणावर उजेड पडत नाही.

कागद घ्या आणि एका खऱ्या माणसाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहा. “११७चा दिवा कधी लागणार?” मग त्याखाली त्याचंच सामायिक रूप लिहा: “आमच्या भागाला दिव्यासाठी इतरांपेक्षा जास्त दिवस थांबावं लागतं का?” पहिल्याचं उत्तर एका ओळीत असतं, दुसऱ्याचं सगळ्या तक्त्यात. काम दोन्ही प्रश्नांवर एकाच वेळी चालू ठेवायचं. फक्त दुसऱ्याच्या मागे लागलेले गट सुंदर आलेख काढतात, आणि पहिला माणूस दर सोमवारी फोन करत राहतो.

प्रश्न चांगला आहे की नाही, याची माझी कसोटी साधी आहे. उत्तर मिळालं तर उद्या कोण काय वेगळं करेल? त्या माणसाचं पद सांगता येत नसेल तर प्रश्न अजून पिकलेला नाही.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या परिवहन संस्थेत, ट्रायमेटमध्ये, बिबियाना मॅकह्यू काम करत होत्या. गाडीने कसं जायचं ते इंटरनेटवर चुटकीसरशी कळतं, मग बसने कसं जायचं ते का कळू नये, हा त्यांचा स्वतःच्या प्रवासातून आलेला प्रश्न. त्यांनी संस्थेचं वेळापत्रक गूगलला दिलं, आणि २००५मध्ये त्यातून जी मांडणी तयार झाली ती आज जीटीएफएस नावाने जगभरच्या बस आणि रेल्वे संस्था वापरतात. साध्या मजकुराच्या काही फाइली: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा. नकाशावर बस शोधणाऱ्या बहुतेकांना ते नाव ठाऊक नसतं, आणि असायची गरजही नाही.

जो रकाना भरतो त्याला भेटा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक मार्गदर्शिका ही पायरी गाळतात, आणि पुढचे निम्मे घोळ इथूनच निघतात असा माझा अनुभव आहे.

तक्ता कोण भरतं ते शोधा. साहेब नव्हे, लिपिक. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि एक नोंद होताना डोळ्यांनी पाहा. मी नेहमी हेच विचारते: हा रकाना रिकामा कधी सोडता? दोन्ही पर्याय लागू नसतील तर काय निवडता? उद्या नवीन माणूस आला तर त्याला कुठली गोष्ट तोंडी सांगावी लागेल? हा तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. तोंडी सांगावं लागतं ते सगळं डेटात दिसत नसतं. “तारीख माहीत नसेल तर आम्ही महिन्याची एक तारीख टाकतो.” “पत्ता नीट नसेल तर कार्यालयाचाच पत्ता घालतो.” मग नकाशावर सगळ्या तक्रारी कार्यालयाच्या दारात गोळा झालेल्या दिसतात आणि कुणीतरी त्यावर बातमी करतं.

तैवानमध्ये २०१२पासून ‘गव्ह-झिरो’ नावाचा नागरिक-प्रोग्रामरांचा गट आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये मास्कचा तुटवडा होता, तेव्हा सरकारने औषध दुकानांतल्या साठ्याचे सतत ताजे होणारे आकडे खुले केले आणि नागरिकांनी त्यावर नकाशे बनवले. तंत्र उत्तम, आकडेही खरे. पण काही औषधविक्रेते सकाळीच टोकन वाटत आणि मास्क नंतर देत. साठा कागदोपत्री शिल्लक असल्याने नकाशा ‘मिळेल’ म्हणायचा आणि लोक रिकाम्या हाताने परतायचे. दुकानदारांचं ऐकून घेतल्यावरच ती गाठ सुटली. नुसत्या आकड्यांकडे बघत बसून ती कुणालाही दिसली नसती.

लिपिकाशी बोलताना एक भान ठेवा. तुम्ही चुका काढायला आलेला नाहीत, हे त्यांना तुमच्या पहिल्या पाच मिनिटांतल्या वागण्यावरून कळतं. त्यांना काही परत देता आलं तर द्या. एका ठिकाणी मी तारखेच्या रकान्याला फक्त निवडयादी लावून दिली. त्यांचा रोजचा अर्धा तास वाचला, आणि नंतर त्यांनीच मला न मागता जुन्या वर्षांच्या फाइली काढून दाखवल्या.

तक्ता मागताना

आधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर बघा, मग साध्या पत्राने मागा, आणि नाहीच मिळालं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज. असा पहिला कायदा स्वीडनने १७६६मध्ये केला, आणि आज शंभराहून अधिक देशांत तो या ना त्या रूपात आहे. अर्जातले शब्द नेमके हवेत. “दिव्यांच्या तक्रारींबाबत माहिती द्यावी” असं लिहिलंत तर दोन पानांचा अहवाल येईल, तोही स्कॅन करून. त्याऐवजी असं लिहा: “ज्या तक्त्यावरून मासिक अहवाल तयार होतो तो मूळ तक्ता, अमुक ते अमुक तारखेपर्यंतचा, सीएसव्ही किंवा एक्सेल स्वरूपात, प्रत्येक रकान्याच्या अर्थासह द्यावा. नाव, फोन आणि घराचा पत्ता हे रकाने वगळावेत.” सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल. वैयक्तिक रकाने आपणहून वगळले की नकाराचं एक मोठं कारण आधीच संपतं.

तुम्ही आत काम करत असाल तर काय प्रसिद्ध करावं यासाठी एक जुना पण टिकलेला मापदंड आहे. डिसेंबर २००७मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेबास्टोपोल इथे सुमारे तीस जण जमले आणि त्यांनी खुल्या शासकीय डेटाची आठ तत्त्वं लिहिली: डेटा संपूर्ण हवा, मूळ रूपात हवा, वेळेवर हवा, सगळ्यांना मिळेल असा हवा, यंत्राला वाचता यावा, ओळख न विचारता मिळावा, कुणा एकाच्या मालकीच्या स्वरूपात नसावा आणि वापराच्या परवान्याच्या अडथळ्यांविना असावा. आठही एकदम जमणार नाहीत. मी सुरुवात ‘वेळेवर’पासून करायला सांगते. दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता येणारा साधा तक्ता हा तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या देखण्या पोर्टलपेक्षा कितीतरी कामाचा, कारण लोकांना त्याची सवय होते.

साफ करताना

मूळ फाईल कधीही उघडून बदलू नका. तिची प्रत करा, नावात तारीख घाला, आणि जे जे बदलाल ते एका वहीत किंवा मजकुराच्या फाइलीत लिहीत जा. सहा महिन्यांनी कुणीतरी विचारणारच, “हा आकडा कुठून आला?”

सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडलीत तर तीन अपघात हमखास होतात. ००४७ हा खांब क्रमांक ४७ होतो, कारण पुढची शून्यं गळतात. ०३/०४ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च, हे संगणकाच्या सेटिंगवर ठरतं. आणि देवनागरी मजकुराच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते. उपाय तिन्हींना एकच: कोरी एक्सेल फाईल उघडा, ‘डेटा’ टॅबमधून मजकूर फाईल आयात करा, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) ‘यूटीएफ-८’ निवडा, क्रमांकाचा आणि तारखेचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, २०२४-०४-०३ अशा. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हाच क्रम आहे, आणि अशा तारखा नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी बरोबर रांगेत येतात.

ओळी मोजा. मिळाल्या तेव्हा किती, साफ केल्यावर किती, जोडल्यावर किती. कंटाळवाणं वाटतं, पण यावर माणसांचे जीव अवलंबून असू शकतात. २०२०च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे सरकल्या नाहीत. प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या स्वरूपात घेतले जात होते, आणि त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करायला त्यामुळे उशीर झाला. ओळींची बेरीज कुणी ताडून पाहिली असती तर ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

नकाशा करणार असाल तर आधी सगळे बिंदू जगाच्या नकाशावर टाकून बघा. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेले बिंदू भलत्याच देशात पडतात. दोन्ही रकान्यांत शून्य भरलेलं असेल तर बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात जातो. तिथे बरेच बिंदू जमलेले दिसले की समजा, जागा माहीत नसताना कुणीतरी रिकामं सोडायच्या ऐवजी शून्य टाकलंय.

काय उघडायचं नाही

आमच्या तक्त्यात ‘तपशील’ नावाचा रकाना होता. फोनवर माणूस जे बोलेल ते त्यात टंकायचं. एका बाईंनी दिव्याची तक्रार दिली आणि मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले: घरात मारहाण होते, रात्री बाहेर पळायचं तर रस्त्यावर अंधार असतो. वरच्याच ओळीत त्यांचा पत्ता होता. पुढे वर्षभराने ‘सगळा डेटा खुला करा’ असा आदेश आला आणि ती फाईल संकेतस्थळावर चढवायची तयारी झाली होती. मला ती नोंद आठवत होती म्हणून मी धावले. आठवत नसती तर?

म्हणून माझा नियम: मोकळ्या मजकुराचा रकाना प्रसिद्ध करायचा नाही. फारच आवश्यक असेल तर प्रत्येक ओळ माणसाने वाचून मगच.

नाव काढलं की माणूस ओळखू येत नाही, हाही भ्रम आहे. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद ‘निनावी’ म्हणून दिलेल्या माहितीतून शोधून दाखवली. त्यासाठी मतदारयादी आणि तीन गोष्टी पुरल्या: जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक. तेव्हा जन्मतारखेऐवजी वय, तेही गटात द्या. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच अंकी दिलेत तर बिंदू साधारण एका मीटरवर, म्हणजे थेट घराच्या दारावर बसतो. तीन अंकी केलात तर शंभरेक मीटरचा आडोसा मिळतो. खांबाचे निर्देशांक नेमके द्या, खांब सार्वजनिक आहे. तक्रारदाराचे देऊ नका. आणि एखाद्या गटात पाचाहून कमी माणसं असतील तर आकड्याऐवजी ‘५पेक्षा कमी’ लिहा. मात्र बेरजेतून वजाबाकी करून तो आकडा बाहेर पडत नाही ना, हेही तपासा.

प्रसिद्ध करताना

हे थोडक्यात आटपतं. फाईल सीएसव्हीत, दुवा कायम एकच, वर ‘शेवटचा बदल अमुक तारखेला’, शेजारी रकान्यांच्या अर्थाचं पान, आणि परवाना स्पष्ट शब्दांत. परवानाच लिहिला नाही तर सावध माणसं तुमचा डेटा वापरणार नाहीत. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा श्रेय मागणारा परवाना किंवा काहीच न मागणारा ‘सीसी-झिरो’, दोन्ही चालतात. चूक कळवायला एका खऱ्या माणसापर्यंत पोचणारा पत्ता द्या.

आकडे वाचताना

जिथे तक्रारी जास्त तिथे त्रास जास्त, असं धरू नका. तक्रार करायला फोन लागतो, वेळ लागतो, आणि कुणीतरी ऐकेल असा विश्वास लागतो. बोस्टन शहराने ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं ॲप आणलं होतं. गाडी खड्ड्यातून गेली की फोनला बसणारा हिसका ते टिपायचं. कल्पना हुशार होती, पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि गाडी कमी, त्या वस्तीतले खड्डे त्यात कमीच उमटणार, हा धोका तेव्हाच पुढे आला. ज्या भागातून एकही तक्रार नाही तिथे मी स्वतः संध्याकाळी चालून येते. रिकामी जागा नकाशावर सर्वांत आधी बघायची.

दिवसांचा हिशेब करताना सरासरीऐवजी मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. पाच दिवे २, ३, ३, ४ आणि ९० दिवसांत दुरुस्त झाले असतील तर सरासरी २०.४ येते, मध्यक ३. नेहमीचा अनुभव तीन दिवसांचा आहे, आणि नव्वद दिवस थांबलेला एक माणूस आहे. मध्यक सांगा आणि त्या माणसाचं वेगळं सांगा. सरासरीत दोघंही हरवतात.

परतीची वाट

निष्कर्ष आधी कार्यालयाला दाखवा, दोन आठवडे द्या, मग जाहीर करा. मवाळपणा म्हणून हे सांगत नाही. खूपदा आपल्याला न कळलेलं कारण त्यांना ठाऊक असतं, आणि चूक खरीच असेल तर ती मान्य करायला वाट मोकळी राहते. न्यूयॉर्कमध्ये बेन वेलिंग्टन या डेटा-विश्लेषकाने शहराच्या खुल्या पार्किंग-दंडाच्या नोंदी तपासल्या. फुटपाथवरून रस्त्यावर उतरायच्या विशिष्ट पादचारी उतारांसमोर गाडी लावायला नियमाने परवानगी असूनही तिथे दंड होत होता. २०१६मध्ये पोलीस खात्याने चूक मान्य केली. नियम काही वर्षांपूर्वी बदलला होता आणि गस्तीवरच्या अनेकांना तो माहीत नव्हता. खात्याने प्रशिक्षणात बदल केला आणि ही चूक खुल्या डेटामुळे सापडली असं मोकळेपणाने म्हटलं. दंड पत्करलेल्या कुणाही एकट्या गाडीवाल्याला हे सिद्ध करता आलं नसतं.

तक्रारदाराकडे परत जायची पद्धत मी ब्रिटनच्या ‘फिक्समायस्ट्रीट’कडून घेतली. मायसोसायटी या संस्थेने ते २००७मध्ये सुरू केलं. तक्रार नकाशावर सगळ्यांना दिसते, संबंधित कार्यालयाकडे जाते, आणि चार आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच ईमेल येतो: प्रश्न सुटला का? काम झालं की नाही हे कार्यालयाने ठरवायचं नाही, ज्याला अंधार होता त्याने सांगायचं.

मी तक्रार कक्षात असतानाच आम्हीही तेच केलं. ‘स्थिती’ हा रकाना मोडला आणि तीन केले. दिवा: पेटतो की पेटत नाही. तक्रार: उघडी आहे की काम झालंय. आणि तिसरा, ‘तक्रारदाराने पाहिलं का’, ज्यात होय, नाही किंवा अजून विचारलं नाही. ‘बंद’ हा शब्द तक्त्यातून काढून टाकला. मंजुरी मिळायला तीन महिने लागले, टंकायला दहा मिनिटं.

परतीचा निरोप लहान ठेवा. तुमचा प्रश्न काय होता, काय केलं, कधी केलं, आता तुम्ही बघून सांगाल का. काम झालं नसेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे: सामान नाही, अमुक तारखेला येईल, त्या दिवशी मी पुन्हा फोन करेन. “प्रक्रिया सुरू आहे” असं लिहू नका. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना फोन करा, आणि जिथे फोनही पोचत नाही तिथे त्या भागाची यादी मोठ्या अक्षरांत छापून चौकात लावा. छापील यादीसमोर माणसं थांबतात, बोट फिरवून आपला खांब शोधतात आणि शेजारच्याला सांगतात.

नव्या रकान्यांचा पहिला फोन मी ११७साठी केला. “सर, वायरमन सकाळी येऊन गेला म्हणतोय. बघून सांगता का?” अजून उजेड होता. ते म्हणाले, थांबा, अंधार पडू दे. सव्वासातला त्यांचाच फोन आला. ११७ पेटलाय, पण पुढचा ११९ लुकलुकतोय. मी पहिल्या ओळीत ‘होय’ लिहिलं आणि ११९साठी नवी ओळ उघडली.